मौनीबाईंची घोषणा

ऐंशीच्या दशकात जयपूर स्टेशनवर हजारो माणसं माझ्या सांगण्यावरून प्लॅटफॉर्म बदलत असत; घरात माझ्या सांगण्यावरून कोणी दिवासुद्धा बंद करत नसे. मी स्टेशनात माइकवरून गाड्यांच्या घोषणा करायचे. त्या हिवाळ्यात धुक्यामुळे एकूण एक गाडी उशिरा धावली आणि रेल्वेच्या वतीने खेद व्यक्त करून करून माझा घसाच बसला!

डॉक्टरांनी बजावलं, "सोमवार तक बिलकुल चुप! फुसफुसाना भी नहीं, उससे गला और छिलता है. खट्टा-तला बंद." आणि सोमवारीच नवे साहेब माझा आवाज तपासणार होते. नापास झाले तर रवानगी थेट पार्सल ऑफिसात.

"बरंच की!" आमचे हे म्हणाले (हेही रेल्वेतच, बुकिंगला). "पार्सलांशी बोलावं लागत नाही. घरीही शांतता राहील."

मी पाटी ओढली, 'मुळीच नाही' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माइक माझा होता आणि तो मी कुणाच्या बापाला देणार नव्हते.

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या सासूबाई मूळच्या भुसावळच्या, लोकलज्जेला फार जपणाऱ्या. मुरलीपुऱ्यातल्या आमच्या शेजारीण गुलाबबाई विचारायला आल्या, "बाईसा बोलती क्यूँ नहीं?" तर सासूबाई बेधडक म्हणाल्या, "बहूने मौन व्रत लिया है!"

गुलाबबाई गेल्यावर मी त्यांच्याकडे डोळे वटारले.

"अशी बघू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "घसा बसला म्हटलं असतं, तर सगळी गल्ली म्हणाली असती, सासूशी भांडून बसवला!"

दुसऱ्या दिवशी दारात नारळ आला. संध्याकाळी दोघी बायका पाया पडून गेल्या. मी हात हलवून नको नको म्हटलं, तर त्यांनी तोच आशीर्वाद समजून घेतला! सासूबाई ज्येष्ठमधाची कांडी माझ्या तोंडात कोंबून म्हणायच्या, "गप्प बस, पुण्य लागतंय." शनिवारपर्यंत लोक प्रश्न घेऊन येऊ लागले. कुणी म्हैस घ्यावी का विचारी, कुणी जावई परत येईल का. मला ठसका लागला की म्हैस बाद आणि जांभई आली की जावई येणार!

रविवारी गुलाबबाई आपल्या विमलाला घेऊन आल्या. पोरगी हुशार, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. गुलाबबाईंनी हात जोडले, "बाईसा, छोरी को आगे पढ़ाऊँ, कि ब्याह कर दूँ? पढ़ाऊँ?"

नेमक्या त्याच क्षणी आमच्या ह्यांनी माझ्या नाकाखाली गरम प्याज कचोरी धरली. तळलेलं बंद! मी जोरजोरात मान हलवली.

"मना कर दिया!" गुलाबबाई उठल्या. "कल से कॉलेज बंद."

विमलाच्या डोळ्यांतून टपाटप पाणी. मी धावत पाटी आणली आणि लिहिलं, 'पढ़ाओ'. पण गुलाबबाईंना अक्षरओळख नव्हती.

"माँ, लिखा है पढ़ाओ!" विमला म्हणाली.

"चुप! तू तो अपने मतलब का ही पढ़ेगी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या तोंडात कचोरी. सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या नारळ मोजत होत्या. मला एवढा संताप आला! माझी नोकरी वाचवायला मी तोंड शिवून बसले होते आणि त्या तोंडापायी या पोरीचं कॉलेज बुडत होतं. खड्ड्यात गेला घसा!

"पढ़ने दो लड़की को!" मी गरजले. "और ब्याह का नाम लिया तो मैं रोज़ आकर चिल्लाऊँगी!"

गुलाबबाई मटकन खाली बसल्या. मौन मोडून निघालेलं वाक्य म्हणजे साक्षात देवाचं! विमलाचं कॉलेज पक्कं झालं आणि माझा उरलासुरला आवाज संपला.

सोमवारी साहेब म्हणाले, "शुरू कीजिए." ह्यांनी खिडकीतून 'सोडून दे' अशी खूण केली. मी तिकडे पाठ फिरवली आणि माइक धरला. गंजलेलं दार करकरावं तसा आवाज बाहेर पडला, "यात्रीगण..."

प्लॅटफॉर्मवर चहावाले थबकले. झोपलेले उठून बसले. रडणारी पोरं गप्प झाली. मी मागे हटले नाही. उशिराच्या सगळ्या गाड्या एका दमात सांगून टाकल्या. अख्ख्या स्टेशनाने माझी घोषणा जीव मुठीत धरून शेवटपर्यंत ऐकली.

"कमाल है," साहेब म्हणाले. "पूछताछ की खिड़की पर एक आदमी नहीं आया!"

माइक माझाच राहिला. पुढे काही दिवसांनी माझा मूळचा गोड, मधाळ आवाज परतला आणि चौकशीच्या खिडकीवर पुन्हा रांग लागली, तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं आणि शिपायाला हाक मारली, "मैडम के लिए बर्फ़वाला पानी लाओ. और दो कचौरी."