तोंडाने सिंथेसायझर वाजवणारे चाचा

चाचा तोंडाने सिंथेसायझर वाजवायचे. ओठ मिटून, नाकातून, मध्येच जिभेने ताल देत. सौदीतल्या यान्बूच्या आमच्या कामगार-कॅम्पात सकाळी बाथरूमसमोर रांग लागली की आतून तो आवाज यायचा. आमचा केरळी फोरमन वैतागून म्हणायचा, की चाचाचं गाणं संपल्याशिवाय आज प्लांट सुरू होत नाही.

रत्नागिरीच्या खाडीकाठचे चाचा पोरसवदा वयात जेद्द्याला आले, तेव्हा एका कॅसेटच्या दुकानात त्यांनी एक ब्रिटिश बँड पहिल्यांदा ऐकला. एक गायक, एक सिंथेसायझरवाला. तबला-ढोलकं काही नाही, सगळं यंत्रातून. इंग्रजी कळत नव्हतं. "पण आवाज ओळखीचा वाटला," ते सांगायचे. "आमच्या खाडीतल्या लाँचचं इंजिन लांबून असंच वाजतं."

पुढे सगळी नोकरी त्यांनी त्या दोघांवर लक्ष ठेवून काढली. मेसमध्ये शेजारी बसणाऱ्याची सुटका नसे. दोघांचं नाव कसं झालं, मैदानं कशी भरली, मग कसं बिनसलं, गायक एकटाच छोट्या हॉलांतून कसा गात राहिला आणि केस पिकल्यावर दोघे पुन्हा कसे एकत्र आले, हे चाचा मोडता मोडता वाचलेल्या सोयरिकीसारखं सांगत. मोबाइलवर त्यांचे कार्यक्रम दाखवत. तेच गाणं दर दौऱ्यात जरा संथ झालेलं असायचं. "वय झालं की गाणं मध्ये श्वास घेतं," ते म्हणत.

उभा जन्म कॉम्प्रेसरच्या गडगडाटात गेल्यामुळे चाचांचे कान जात चालले होते. डॉक्टरांनी दिलेली कानाची मशिनं ते लावत नसत. मी रागावलो की विषय बदलत. एकदाच खरं बोलले: "लावली आणि त्यांची गाणी पत्र्यासारखी वाजली तर? आता निदान आठवणीतलं तरी नीट ऐकू येतं."

चाचा कायमचे घरी परतणार होते त्याच हिवाळ्यात तो बँड रियाधला येणार असं जाहीर झालं. मी आम्हा दोघांची तिकिटं काढली. मग बातमी आली, की गायकाचा घसा बसलाय आणि आधीच्या शहरातला कार्यक्रम रद्द झालाय. त्या आठवड्यात बाथरूममधून आवाज आला नाही.

तरीही आम्ही विमानाने गेलो. रियाधच्या अल मलाझ भागात त्यांच्या एका गाववाल्याकडे सामान टाकलं आणि संध्याकाळी मैदानावर पोहोचलो. आजूबाजूला आमच्या निम्म्या वयाची सौदी मुलं-मुली. दिवे लागले, दोघे म्हातारे मंचावर आले, आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण चाचांचा चेहरा कोराच होता. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मला भीती वाटू लागली, की यांना काहीच ऐकू येत नाही.

मग चाचांनी खिशातून मशिनं काढली आणि कानात बसवली. डोळे मिटून घेतले. तिसऱ्या गाण्यात गायकाचा आवाज वर चढताना फाटला. त्याने हसून माईक लोकांसमोर धरला. पोरं गाऊ लागली, आणि माझ्या शेजारी चाचा, चुकीच्या शब्दांत पण अचूक तालात, मोठ्याने गाऊ लागले. गाणं संपल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पत्रा नाही रे. जरा बारीक ऐकू येतं, एवढंच. त्याचाही आवाज बारीक झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा चाचा खिडकीशी बसून घरी फोनवर बोलत होते. मशिनं कानातच होती. बोलता बोलता ते थांबले. पलीकडून चाची काहीतरी सांगत होत्या, आणि चाचा नुसतेच ऐकत होते.

"काही नाही," शेवटी ते हळूच म्हणाले. "तू बोल. तुझा आवाज असा आहे, हे मी विसरलोच होतो."

महिन्याभराने मी त्यांना विमानतळावर सोडलं. आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी मागून, नेहमीसारखं न ओरडता, हळू आवाजात म्हणालो, "येतो चाचा." त्यांनी पाठमोरे राहूनच हात वर केला.