सैतान व्हायला माणूस पाहिजे

सुधाभावजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खळ्यात सुपाऱ्या पसरत होते. दुपारच्या एसटीच्या कंडक्टरने तो फाट्यावरच्या दुकानात सांगितला, आणि तिथून हसनकाका चालत आले. हसनकाका बोटीवरून निवृत्त झालेले, शेजारच्या मोहल्ल्यातले, वयाने भावजींच्या वडिलांएवढे. एरवी ते वळणावरूनच हाक मारत येतात. त्या दिवशी अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत आले आणि हाक न मारता उभे राहिले... मी हात पुसले आणि आत सासूबाईंकडे गेले. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

त्याआधी मी रत्नागिरीला इस्पितळात पेज घेऊन गेले होते. कावीळ पार डोळ्यांत चढली होती. पेज त्यांनी चार घोट घेतली आणि विचारलं, "गुरुवारी बसलात काय?" मी म्हटलं, तुम्ही नाही तर आम्ही काय बसणार. तर म्हणाले, "बसायचं. गणू तारी खाडीत अडकून पडलाय, त्याला असा सोडायचा नाही, वहिनी. खेळ पुरा करा." बाजूच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं, घरातलंच कोणी खाडीत बुडतंय. तो बिचारा उठून बसला. भावजी हसले. ते मी पाहिलेलं त्यांचं शेवटचं हसणं.

हे सगळं मी कोणाला वाचून दाखवायला लिहीत नाही. शिक्षण चौथीपर्यंतचं, जमेल तसं लिहिते आहे. पण ते कोण होते हे कुठेतरी राहावं असं वाटतं.

भावजी माझे धाकटे दीर. परदेशी बोटीवर खलाशी होते. बंदरात दोर आवळताना उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि बोटीवरची नोकरीही सुटली. घरी आले ते भिंतीकडे तोंड करून निजून राहिले. जुळत आलेलं लग्न मोडलं, त्याचंही काही बोलले नाहीत. माझे यजमान मुंबईला, घरात आम्ही दोघी बायका. सासूबाई रोज म्हणायच्या, "सुध्या, ऊठ बाबा, निदान वाडीत फेरी मारून ये." ते उठत नसत.

मग एक दिवस ते उठले आणि सासूबाईंकडे कवड्या मागितल्या. बोट बंदराबाहेर आठवडेच्या आठवडे नांगरून पडायची तेव्हा तिथले लोक एक खेळ खेळत. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलायचं. गोष्ट एका बैठकीत संपत नाही, महिनोन् महिने चालते. भावजींनी त्याचा आपला खेळ केला. त्यांच्या गोष्टीत एक साधा माणूस, गणू तारी, खाडीवर होडी चालवणारा. त्याच्या एका कानाशी देवदूत, दुसऱ्या कानाशी दोन सैतान. मारामारी नाही, नुसतं कुजबुजायचं. मग दोन्ही बाजूंनी कवड्या टाकायच्या. ज्याच्या जास्त कवड्या उताण्या पडतील त्याचं गणू ऐकणार. मी विचारलं, देवदूत एक आणि सैतान दोन का? "कारण जगात तेवढेच असतात," ते म्हणाले.

खेळ तयार झाला, माणसं नव्हती. तीन माणसं हवी होती, आणि ती मिळवायला भावजी एका हाताने सायकल धरून हिंडले. मालगुंडापर्यंत गेले, एकदा एसटीने पार नाटे गावाला जाऊन आले. सगळीकडे तीच गत. देवदूत व्हायला जो तो तयार, सैतान व्हायला कोणी नाही. "माजो बापूस वारकरी, माका सैतान करतंस?" असं एकाने तोंडावर विचारलं. शाळेतले मास्तर म्हणाले, हे असलं शिमग्यात ठीक. भावजी घरी येऊन सांगायचे, "वहिनी, तालुकाभर देवदूतच देवदूत आहेत. एवढे असून आपली ही अवस्था." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल काढायचे. भिंतीकडे तोंड करून निजणारा माणूस आता नकार ऐकायला मैलोन् मैल जात होता. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "मिळू दे गो त्याला माणसं. नायतर परत निजेल."

हसनकाका आधी मिळाले. त्यांची अट एकच, "मी फरिश्ताच होणार. माझ्या दोन्ही खांद्यांवर पाप-पुण्य लिहिणारे फरिश्ते बसलेत, ह्या वयात त्यांना नवीन काम देत नाय." दुसरा भिकाजी. तो संगमेश्वराकडचा, आमच्या वाडीत घरजावई, आणि शिमग्याच्या नमनात संकासुर नाचणारा. त्याला राक्षस होण्याचं काय. तिसरा बाजारातला शिंपी, तो भिकाजीने ओढून आणला.

पहिली बैठक ओटीवर झाली, आणि चूक झाली ती वेळेची. बोलता बोलता दिवेलागण झाली. सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या आणि त्याच वेळी भिकाजी संकासुराच्या आवाजात गरजला, "ह्या घरातली चूल विझू दे, हा संसार मोडू दे." तो गणूच्या घराबद्दल बोलत होता. पण तिन्हीसांजेला घरात बोललेल्या शब्दाला वास्तू तथास्तु म्हणते, आणि वास्तूला गणू कुठून माहीत असणार? सासूबाई दिवा तसाच ठेवून बाहेर आल्या. शिंपी चपला हातात घेऊनच पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरच्या शेवाळावरून सासूबाईंचा पाय घसरला आणि मनगट मुरगळलं. झालं. शिंपी पुन्हा आला नाही.

आठ दिवस भावजींनी सायकल काढली नाही. मला धास्ती वाटायची की आता पुन्हा भिंत. पण त्यांनी सासूबाईंचं मनगट रोज शेकलं, आणि नवव्या दिवशी विचारलं, "आये, वास्तूची हद्द कुठपर्यंत गो?"

सासूबाईंनी बराच विचार केला. "पागोळी पडते तिथपर्यंत. पलीकडे तुमचं काय ते बोला. पण दिवेलागणीच्या आत उठायचं."

तेव्हापासून गुरुवारी दुपारी बैठक बसू लागली. देवदूत पडवीत, सैतान पागोळीच्या रेषेबाहेर खळ्यात. भावजी मधे, खांबाला टेकून. पाऊस लागला तरी रेष मोडली नाही. भिकाजी इरलं घेऊन चिखलात पाटावर बसायचा आणि हसनकाका वरून चहाचा कप दाखवायचे, "ये वर, माणसात ये." भिकाजी म्हणायचा, "नरकात पानी गळतंय, पन आमी हटत नाय."

मात्र दुसरा सैतान मिळत नव्हता. मी दाराआडून ऐकत असे, तेवढाच माझा भाग. परक्या पुरुषांसमोर बोलायची माझी हिंमत नव्हती. बाजारात वाणी विचारायचा, काय हवं, तर मी बोट दाखवायची. एका गुरुवारी भावजी दाराकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, मी तालुका पालथा घातला. आता ह्या दाराएवढंच राहिलंय." मी आत पळाले. चुलीपाशी सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "जा. पाट घेऊन जा, ओल आहे."

मी पागोळी ओलांडून भिकाजीपासून लांब, पाठ फिरवूनच बसले. गोष्टीत गणूच्या होडीची एक फळी कुजली होती. हसनकाकांनी देवदूत होऊन छान सांगितलं, बाबा, लोकांचे जीव तुझ्या हातात आहेत, फळी बदल. भिकाजी गरजला, जळू दे ते लोक. गणू अर्थातच भिकाजीला घाबरून देवदूताकडे सरकला. मग माझी पाळी. मी जमिनीकडे बघून म्हटलं, "बदला हो दादा. आज दमला आहात. उद्या बदला."

कवड्या टाकल्या, माझ्या सगळ्या उताण्या पडल्या. भिकाजी म्हणाला, "मी एवढा बोंब मारतंय आन् ही नुसती उद्या म्हनते. वैनी, तुमच्यापुढं संकासुर म्हंजे पोर." हसनकाका मात्र कपाळाला हात लावून म्हणाले, "हा खरा शैतान. हा माझ्या घरात रोज असतो." मी पदरात तोंड लपवून हसले. मग वळून बसले, त्यांच्याकडे तोंड करून.

वर्षभर चाललं ते. गणूची फळी बदलली गेली नाही. माझा सैतान दर वेळी उद्या म्हणायचा, हसनकाका दर वेळी आणखी काकुळतीला यायचे. शेवटच्या बैठकीत गणूने जत्रेची माणसं होडीत भरली आणि निघाला. खाडीच्या मधोमध पाणी आत येऊ लागलं. भावजींनी तिथे थांबवलं, आणि त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला.

दिवसकार्य उरकल्यावर हसनकाका आणि भिकाजी पडवीत बसले. हसनकाका म्हणाले, "कवड्या विहिरीत सोडूया. सांगणाराच गेला." भिकाजीने मान डोलावली. मी चहा घेऊन आले होते. कप खाली ठेवले आणि म्हटलं, "गोष्ट मी सांगेन." दोघांनी दारात उभ्या सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू नाय का आलं?"

आता सैतानाची जागा रिकामी झाली. म्हणून मी निघाले. आधी वाण्याकडे गेले, त्याच्या बायकोला विचारलं. ती देवाचं नाव घेऊन आत गेली. वरच्या वाडीत तिघींना विचारलं, एकीने कुत्रं सोडलं. दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीत गेले. तिथे सुलभा राहते, नवीन लग्न होऊन आलेली, नवरा बोटीवर. ती दारात उभी राहून ऐकत होती. "पण मला चारचौघांत बोलता येत नाही हो," ती म्हणाली. मी म्हटलं, गुरुवारी ये.

ती आली. मी खांबाला टेकून बसले. तिथे बसल्यावर कळलं, भावजी ती जागा का सोडत नसत. तिथून पडवीही दिसते आणि खळंही, सगळ्यांची तोंडं दिसतात. मी सांगितलं, होडीत घोट्याइतकं पाणी आलं आहे, गणूच्या हातात वल्हं आहे. हसनकाका देवदूत होऊन म्हणाले, "माघारी फिर रे, अजून वेळ आहे." भिकाजी नेहमीसारखा गरजला. मग मी सुलभाला विचारलं, "तुझा सैतान काय म्हणतो?"

भिकाजी तिला काही सुचवायला पुढे झुकला, मी त्याला हाताने थांबवलं. भावजी कधी कोणाच्या तोंडात शब्द घालत नसत. नुसते बघत राहायचे, जणू त्यांना दुसरं काही कामच नाही. सुपारीच्या बागेत वारा होता. सासूबाई उंबऱ्यात येऊन बसल्या. मीही तशीच तिच्याकडे बघत थांबले.