सरकारी ट

आमच्या गुरुजींना नसलेलं दिसायचं. भुतंखेतं नव्हेत, त्या बाबतीत ते ठार आंधळे होते. त्यांना टीव्हीत दिसायचं. साऱ्या गावाला त्या काचेवर नुसत्या मुंग्या वळवळताना दिसत, आणि गुरुजी काचेला छडी टेकवून सांगत, "हा बघा शेतकरी. बियाण्याला औषध चोळतोय. त्याच्या मागं त्याची बायको उभी आहे, तिनं हात स्वच्छ धुतलेत." आम्ही डोळे ताणताणून बघायचो. बायको राहू द्या, शेतकऱ्याचं मुंडासंसुद्धा हाती लागत नसे. कुणी कुरकुरलं की गुरुजी म्हणत, "मुंग्यांकडे बघू नका. मुंग्यांच्या मागं बघा."

मोठ्या दुष्काळाच्या लगतचे दिवस. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं, पुण्याकडं तोंड करून बसलेलं. पुण्याहून टीव्ही दिसायला लागला तसं सरकारनं लोकशिक्षणासाठी काही गावांना संच वाटले. त्यात आमचा नंबर कसा लागला, ते वाटणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. आम्ही मागितला होता पाण्याचा टँकर, आला टीव्ही. अँटेनासाठी शाळेवर बांबू उभा केला तो इतका उंच, की त्याच्या शेंड्यावर बसलेली घार म्हणे खाली येईना. तिला तिथून पुण्याची मंडई दिसत होती. वीज ओढली माझ्या पिठाच्या गिरणीवरून. संध्याकाळी मी गिरणी चालू केली की पडद्यावरचा माणूस दळून निघायचा. एका पुढाऱ्याचं तर मी असं बारीक पीठ पाडलं की गावानं टाळ्या वाजवल्या.

गुरुजींना टीव्हीचं वेड होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. त्यांचं वेड होतं प्रौढांचा वर्ग. टीव्ही येण्याआधी त्या वर्गाला दोघंच हजर असत, गुरुजी आणि त्यांचा कंदील. टीव्ही आला आणि दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बाया, गडी, म्हातारेकोतारे शाळेत लोटले. गुरुजींनी लगेच अट घातली, आधी पाटी, मग टीव्ही. मुंग्या बघायच्या म्हणून अख्खं गाव मुकाट्यानं 'ग गवताचा' घोकायला लागलं.

त्यात त्यांची आणखी एक खोड. कुणी 'व्हय' म्हटलं की ते थांबवत, "व्हय नव्हे, होय." 'न्हाई' म्हटलं की, "न्हाई नव्हे, नाही." गावाला त्यांच्यापुढं तोंड उघडायची चोरी झाली होती. पोलीसपाटील तर वर्षभर नुसती मान हलवूनच कारभार करत होते.

एक उंदीर ऊब बघून टीव्हीच्या पोटात राहायला आला, तेव्हा गुरुजींनी तालुक्याला अर्ज केला, की संचाला कुलपाचं कपाट मिळावं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मुक्कामाची एसटी आली. कंडक्टरच्या तोंडात तंबाखूचा बार होता. त्यानं खिडकीतूनच सरपंचांना तालुक्याचा निरोप दिला, "गुरुजींना सांगा, टीव्हीची कपात आली." सरपंचांनी ऐकलं, टीव्हीचं कपाट आलं. रात्रीच्या आत गावभर झालं. कपाट लाकडाचं की लोखंडाचं, यावर पारावर दोन तट पडले.

गुरुजी सकाळच्या एसटीनं श्रीगोंद्याला गेले आणि परत आले ते थेट माझ्या गिरणीत. पोत्यावर बसले.

"गिरणीवाले, ट नव्हे, त. कपात."

मला तर तो शब्द कपाटाचा धाकटा भाऊ वाटला. त्यांनी समजावलं, की या कामाचे पैसे वरूनच कापलेत आणि संच परत जाणार. का, ते तिथल्या साहेबालाही नीट सांगता आलं नव्हतं. "दिला तेव्हा आपण काय केलं म्हणून दिला ते कळलं नाही," गुरुजी म्हणाले, "आता काय केलं नाही म्हणून नेतात, तेही कळेना."

मी विचारलं, मग वर्गाचं काय? त्यांनी सदऱ्यावरचं पीठ झटकलं, आणखी पांढरे झाले. "पाटीसाठी कोण येतंय? सगळे टीव्हीसाठी येतात."

जीप आली त्या दिवशी तर कुणाचाच कुणाला मेळ लागेना. कपातीचं गुरुजींनी माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं; टीव्ही कपाटात बसवायला चाललाय म्हणून गावानं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सरपंच जीपवाल्यांना म्हणाले, "कपाटात नीट बसवा आन बिगीनं आना." जीपवाले आधी एकमेकांकडं बघत राहिले, मग घाईनं 'हो हो' म्हणाले, त्यांची तयारी शिव्यांची होती, खोबऱ्याची नव्हती. हिवतापवाले फवारून गेल्यावर भिंतीवर लिहितात ना, तसं त्यांनी टीव्हीच्या टेबलामागच्या भिंतीवर गेरूनं एकच शब्द लिहिला, 'कपात'. गुरुजींनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. समोर सारं गाव हसऱ्या चेहऱ्यानं उभं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

आणि वर्ग चालू राहिला! कपाटात बसून टीव्ही येणार, तो आला आणि आपण नेमके नसलो तर, या धाकानं सगळे रोज येत. आल्या आल्या विचारत, "गुरुजी, कपाट आलं का?" गुरुजी भिंतीकडं बघत म्हणत, "अजून दिसत नाही." नसलेलं दिसणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच काही दिसत नव्हतं. मला हसावं की त्यांचा हात धरावा, कळत नसे.

मग माझ्या लक्षात आलं, की गावाची अक्षरं पार 'ज्ञ'पर्यंत पोचली होती, पण त्यांत 'त' नव्हता. बायांना मका लिहिता येई, मीठ लिहिता येई. तूप, ताक, तवा मात्र साऱ्या गावातून हद्दपार. मी विचारलं तर गुरुजी म्हणाले, "त शेवटी." भिंतीवरच्या शब्दाशी रोज कुणीतरी झटे. क, पा, आणि पुढं ते वाकडं काहीतरी. सरपंचांनी निकाल दिला, "ट हाय त्यो. सरकारी ट असाच असतोय, वाकल्याला."

अडलं ते हौसाबाईपाशी. तिचा नवरा लांब कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेला, निरोप नाही की सांगावा नाही. तिला कार्ड टाकायचं होतं. पण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यावं लागणार, आणि ते ती मेली तरी घेणार नव्हती. लिहायला कुणाची बंदी नव्हती. म्हणून ती वर्गात सगळ्यांत पुढं बसे. एका संध्याकाळी तिनं पाटी पुढं केली. पाटीवर एका अक्षराची जागा सोडून लिहिलं होतं, 'नाजी'.

"भाकर ज्याच्यावर टाकत्यात, त्याचं पैलं अक्षर ऱ्हायलंय, गुरुजी."

बाया पदराआड हसल्या. गुरुजी हसले नाहीत. ते भिंतीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मी पंख्याकडं बघितलं; शाळेला पंखा नव्हता. गुरुजींनी खडू उचलला आणि फळ्यावर 'त' काढला, इतका सावकाश, की जणू तो खडू नसून पहार होती.

हौसाबाईनं 'ता' लिहिला. तानाजी. पाटी छातीशी धरून ती लाजली, आणि लाजून जे तोंड फिरवलं ते नेमकं भिंतीकडं.

"क. पा. त." ती थांबली. "कपात म्हंजी काय, गुरुजी?"

"कापून घेणं."

"मंग कपाट?"

"कपाट नाही."

"आन टीव्ही?"

"टीव्हीही येणार नाही."

हौसाबाई म्हणाली, "म्हंजी इतके दिस तुमी आमाला फशिवलं व्हय?"

गुरुजींनी मान खाली घातली. "व्हय," म्हणाले.

सगळे एकेक करून उठून गेले. त्यांच्या तोंडून आलेल्या त्या 'व्हय'चा धक्का मोठा की टीव्ही गेल्याचा, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी शाळेचा दिवा लागला नाही. मी जाऊन बघितलं तर गुरुजी अंधारात बसलेले. तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. हौसाबाई होती, मागं पाचसात बाया. तिनं दिव्याचं बटण स्वतःच दाबलं.

"कार्ड टाकलं सकाळी," ती म्हणाली. "आता त्येंचं उत्तर आलं तर ते काय दुसऱ्याला वाचाया देऊ? जोडाक्षरं ऱ्हायल्यात अजून. उठा."

गुरुजी उठले. 'ऱ्हायल्यात' दुरुस्त करायचं त्या दिवशी त्यांना सुचलं नाही.

पुढं त्यांची बदली झाली पाथर्डीकडं. एसटीत बसवताना मी विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. मुंग्यांच्या मागं तुम्हाला काही दिसायचं का?" ते म्हणाले, "सारं गाव बसलेलं दिसायचं ना. काचेत." गाडी हलली, आणि हे उत्तर होतं की थाप, ते विचारायचं राहून गेलं.

ते गेले आणि तालुक्याहून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर लोखंडी कपाट! त्यांचा तो जुना अर्ज कुठंतरी फिरत फिरत मंजूर झाला होता. टीव्ही नाही, गुरुजी नाहीत, कपाट हजर. सरपंच मिशीवर ताव देत म्हणाले, "मी म्हनलो न्हवतो? ट."

हौसाबाईनं स्वतः कार्ड लिहिलं. टपालात टाकायला माझ्याकडं दिलं, आणि कार्ड काय, कुणीही वाचतं. 'गुरुजी, कपाट आलं. आत काय न्हाई. आमी रोज बसतो.'

आठवड्यानं तेच कार्ड पाकिटात घालून परत आलं. 'काय'वर तांबड्या शाईची रेघ, वर 'काही'. 'न्हाई'वर रेघ, वर 'नाही'. 'आमी'वर रेघ, वर 'आम्ही'. आणि खाली त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, 'बाकी सर्व बरोबर.'