गरुडाच्या काठीला तेल

आमच्या रोमन पलटणीचा निशाणाचा गरुड ओप्पियसकडे असायचा. सोन्याचा मुलामा दिलेला, लांब काठीवर बसवलेला. तो उचलल्याशिवाय एकही शिपाई पाऊल टाकत नसे. ओप्पियस अंगाने धिप्पाड, पण काळीज सशाचं. ढग गडगडले की माझा दंड धरायचा आणि वर म्हणायचा, "रुसो, तू घाबरलास म्हणून धरलं."

कूच करण्याआधी तो जमिनीत रोवलेली काठी उपटायचा. सहज निघाली, तर देवाचा होकार. अडली, तर नकार, आणि मग कुणाची पुढे जायची छाती होत नसे.

त्या हिवाळ्यात डॅन्यूब नदी गोठली. सेनापतीला पलीकडे शत्रूच्या जंगलात घुसायची घाई झाली होती. त्याने ओप्पियसला बोलावलं. "उद्या गरुड अडला, तर तुझ्याच तंबूतल्यांच्या हातात सोटे देईन. तेच तुला ठेचतील."

त्या तंबूत मीही होतो.

ओप्पियस परतला तेव्हा त्याचे दात वाजत होते. थंडीने, म्हणाला. दिवस कलताना मी त्याला गोठलेल्या जमिनीतला काठीचा खड्डा रुंद करताना पाहिलं. त्याने आत पेंढा भरला, काठीच्या टोकाला तेल चोळलं, काठी रोवली आणि वरून माती सारखी केली.

"देवाला फसवतोस?" मी विचारलं.

"देव लांब आहे, बाबा. सोटे जवळ आहेत."

सकाळी गरुड अलगद वर आला. पलटणीने जयघोष केला. ओप्पियस तेवढा पांढराफटक. बर्फावरून चालताना तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "खरंच विचारलं असतं, तर देव काय म्हणाला असता रे?" मला उत्तर नकोच होतं.

जंगलात मुक्काम पडला. झाडांखाली जमीन कुजलेल्या पाल्याची, मऊ. ओप्पियसने काठी नेहमीसारखी रोवली. "इथे तेल कशाला?" म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

सकाळी त्याने काठी ओढली. हलेना. मी हात लावला, आणखी एकाने लावला. हलेना. सगळी पलटण बघत होती. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"खणून काढा," सेनापती म्हणाला.

आम्ही खणू लागलो. ओप्पियस माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसून हळूच म्हणाला, "देव बोलणारच होता, रुसो. नदीच्या अलीकडे बोलू दिलं असतं, तर मी एकटाच मेलो असतो."

दुपारी झाडांमधून शत्रूच्या आरोळ्या उठल्या. ओप्पियस गरुडाला कवटाळून पडला. आम्ही मोजकेच नदीकडे पोचलो.

आता माझी ऑलिव्हची चार झाडं आहेत. गारद झालेल्या पलटणीचा क्रमांक अपशकुनी मानून रोम पुन्हा कुणाला देत नाही. बाजारात एखादा म्हातारा शिपाई विचारतो, "कुठल्या पलटणीचे तुम्ही?" क्रमांक सांगितला की तो बाकावर पलीकडे सरकून बसतो. मला राग येत नाही. त्याच्या जागी मीही सरकलो असतो.