‘ड’ तुकडीसाठी लिहिलेला पाठ

सरांनी माझं पाठाचं टाचण दोन बोटांत धरलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. माझे हेल काढून.

‘तास संपेपर्यंत परतेक मूल सवता मोजून सांगंल, घरच्या ड्रमात किती लीटर पाणी मावतंय.’

मी असं लिहिलं नव्हतं. ‘प्रत्येक’ आणि ‘स्वतः’ नीट लिहिलं होतं. पण वर्ग हसला. बी.एड.चा वर्ग. उद्याचे शिक्षक. ज्यांच्याबरोबर रोज डबा खायचे, त्याही हसल्या.

मग सर चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, ‘पुस्तकात तेलाचा डबा दिलाय, तो घे ना. तुम्हा लोकांचं ते पाण्याचं अजून संपलं नाही का?’

तुम्हा लोकांचं. माझं आडनाव, माझी वस्ती, आज्यानं सोडलेले देव, सगळं त्यात आलं. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांना कळलं आणि सगळे पुन्हा हसले. मी मान खाली घालून उभी राहिले. 

सरावासाठी मला शहरातली एक शाळा मिळाली होती. आठवीची ‘ड’ तुकडी. मार्कांवरून तुकड्या पाडतो, असं शाळा सांगते. ‘ड’चं हजेरीपत्रक वाचा, पोरं राहतात कुठं ते विचारा, मग मार्कांचं काय ते कळेल.

ती पोरं वर्गात पेंगायची. मुली पहिल्या तासाला कितीदा गायब. माझे पाठ बघायला हेच सर तिथं यायचे, म्हणायचे, आळशी बियाणं. मी मुलींनाच विचारलं. ज्या दिवशी नळाला पाणी, त्या दिवशी त्या पहाटेपासून पाइप धरून उभ्या. आमच्या शहरात पाणी किती दिवसांनी येतं, हे सरांच्या कॉलनीलाही माहीत आहे. फरक एवढाच की तिथं खाली हौद आहे आणि गच्चीवर टाकी.

म्हणून ड्रम. या पोरांच्या घरात त्याहून ओळखीची वस्तू नव्हती. नळाचं पाणी पुरत नाही, मग टँकर येतो, आणि टँकरवाला ड्रम अर्धवट भरून निघून जातो. त्याच्याशी भांडायचं तर आकडा लागतो. दोरीनं घेर मोजायचा, काठीनं उंची मोजायची, आकडा काढायचा. ही त्यांची गरज. टाचणात ‘विद्यार्थ्यांच्या गरजा’ असं सदर असतं. तिथं बाकीचे ‘गणिताची आवड निर्माण करणे’ लिहीत होते. मी टँकर लिहिला.

सरांनी लाल पेनानं तो खोडला. उद्दिष्टही खोडलं. वर लिहिलं, ‘विद्यार्थ्यांना वृत्तचितीच्या घनफळाचे ज्ञान होते.’ दरवर्षी सगळे हेच उतरवतात.

मी विचारलं, ‘सर, ज्ञान झालं हे कळणार कसं?’

‘तुला कळून काय करायचंय? पाठ घे, पास हो. सवलतीतली आहेस, कुठंतरी चिकटशील.’

परीक्षेच्या पाठाला मी घरून रिकामा ड्रम घेऊन रिक्षानं गेले. वर्गात शिरले आणि जागीच थांबले. बाकांवर ‘अ’ची मुलं. कडक इस्त्री, तेल लावून पाडलेले भांग. मागं बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम.

सर हळूच म्हणाले, ‘दरवर्षी हीच व्यवस्था असते. ही मुलं पटापट उत्तरं देतील. तू फक्त विचार.’

‘आणि “ड”?’

‘मैदानात कागद वेचतायत. तेवढं जमतं त्यांना.’

खिडकीत शबाना आली. माझ्या तुकडीतली, फळ्याजवळ यायला कधी न घाबरणारी. हातात कागदांचं पोतं. म्हणाली, ‘टीचर, आज हमारा पाठ था ना? हमकू बाहर कायकू निकाले?’

सर खेकसले, ‘ए, चल. पोतं भर आधी.’

तिनं मान खाली घातली. मला राग आला. सर माझे हेल काढत होते तेव्हाच यायला हवा होता, तो राग आता आला.

मी खडू टेबलावर ठेवला. ‘मॅडम, हा पाठ ज्यांच्यासाठी लिहिला ती मुलं बाहेर आहेत. त्यांना आत घ्या.’

मॅडमनी घड्याळ बघितलं. ‘मला अजून पाठ बघायचेत. समोर आहेत त्यांना शिकवा. मुलं ती मुलं.’

सर कानाशी आले. ‘वर्ष जाईल तुझं.’

‘जाऊ द्या.’

ड्रम उचलला आणि मैदानात गेले. भिंतीच्या सावलीत पोरं गोळा केली आणि पाठ घेतला. सगळ्यांना आलं असं खोटं सांगणार नाही. शबानाला आलं. काहींनी घेर आणि उंचीचा नुसता गुणाकार केला. एकानं दोरी फेकली, म्हणाला, ‘आमाला नाय येत, टीचर. आमी ढ हाय.’ हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं आणि ते त्याला पक्कं आलं होतं. पण तास संपला तेव्हा कुणाला आलं आणि कुणाला नाही, हे मी नावानिशी सांगू शकत होते.

वर्गाच्या खिडकीतून ‘अ’ची मुलं बघत होती. मॅडम आल्या नाहीत. निकालात माझ्या नावापुढं ‘गैरहजर’.

आई सिडकोत धुणीभांडी करते. निकाल ऐकून तिनं ताट ढकललं. ‘त्या पोरायसाठी वर्षाची माती केलीस व्हय? आधी पास व्हायचं, मंग भांडायचं व्हतं.’ तिच्या हाताची सालपटं निघालेली असतात.  दोघीही उपाशी झोपलो.

आधी पास होऊ म्हणणाऱ्या पास झाल्या. वर्गात हसलेली एक आता शाळेवर आहे. तिचा फोन आला होता. तिच्याकडंही ‘ड’ आहे. तपासणी असली की ती त्या पोरांना आदल्या दिवशीच सांगते, उद्या येऊ नका. हसत सांगत होती. मी फोन ठेवून दिला.

मी पुन्हा परीक्षेला बसणार आहे. सर तेच आहेत. ते पुन्हा पोरं बदलतील, मी पुन्हा वर्गाबाहेर पडेन. पुन्हा गैरहजर लिहा. माझ्या पोरांना बाहेर काढून जी पदवी मिळते, ती मी घेणार नाही.