देवीपुढचा प्लग

इंजिनाला नैवेद्य दाखवल्यावाचून स्वतः घास न घेणारा माणूस सगळ्या तंजावुरात एकच होता, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. राजवाड्यामागची गल्ली सोडून आतोबा कावेरीकाठच्या शेतावर राहायला गेले ते एका जुन्या मोटरहोडीच्या प्रेमाने. तिच्याशी ते मराठीतच बोलत. “तमिळ बोललं की वाद घालते,” म्हणत. मी तेव्हा देवाधर्माविरुद्ध पत्रकं वाटत हिंडायचो. ते त्यांतलं प्रत्येक मन लावून वाचत आणि त्याने इंजिनाचं तेल पुसत.

आयुधपूजेच्या दिवशी गावची हत्यारं, अवजारं देवीपुढे मांडतात, गंध लावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हलवत नाहीत. आतोबांनी होडीचे दोन्ही प्लग काढून आतल्या टोकालाही चंदन थापलं. “देवीला वरवरचं चालत नाही,” म्हणाले, आणि ते पुन्हा करकचून आवळून बसवले.

दुपारी शेजारच्या शेतावरचा मुरुगन धावत आला. बायको अडली होती, पूल पाण्याखाली होता आणि दवाखाना पलीकडे. “सामी, होडी काढा!”

बाईला होडीत निजवलं. इंजिन खोकलं, फटफटलं, बंद पडलं. मी प्लग काढून पेट्रोलने धुतले. एक ठीक होता. दुसऱ्याची चिनीमाती आवळताना तडकली होती. सणामुळे दुकानं बंद. जादा प्लग एकच होता, तो सकाळीच अवजारांबरोबर देवीपुढे मांडलेला.

मी देवघराकडे धावलो, मागून आतोबा. दारात आत्या आडवी. “आज हलवलंत तर घरावर येईल हो!”

“अंधश्रद्धा!” मी ओरडलो आणि हात घातला. आतोबांनी तो धरला.

“थांब. तू भांडून घेशील. मला देवीकडे मागून घ्यायचाय.”

डोकं टेकवून त्यांनी प्लग उचलला, धोतराच्या सोग्याने चंदन पुसलं. आत्याकडे पाहिलं नाही. होडीत बाई आता ओरडतही नव्हती. मी प्लग बसवला. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं.

पलीकडे बैलगाडीने तिला नेलं. आम्ही काठाशीच थांबलो. आतोबा इंजिनाशी चकार शब्द बोलत नव्हते. ऊन उतरताना मुरुगन धापा टाकत आला. “मुलगी! दोघी बऱ्या आहेत, सामी!”

“होंदे, होंदे, अस्कं बरं झालं, सगळं बरं झालं,” आतोबा हसले. तो वळताच मात्र त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

“तुझ्या आत्याला काही होणार नाही ना रे?”

“काही होणार नाही, आतोबा,” मी म्हणालो, आणि त्यांनी मनगट सोडेपर्यंत तसाच बसून राहिलो.