केळ, केर आणि पुण्याचा कंप्युटर

तुमसरच्या माझ्या दुकानात धान येतं नि जातं. किस्से मात्र तिथंच साचून राहतात. सगळ्यात जास्त साचले ते पुण्याच्या वसुधाबाईंचे.

ऐंशीच्या सुमारास त्या टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. एकच शब्द गावोगाव कसा बोलतात ते टिपायचं. मग पुण्यातला कंप्युटर अक्षराखाली अक्षर लावून कोणता शब्द कोणाचा भाऊ ते ठरवणार. जोड्या जुळल्या नाहीत तर आमचा भंडारा जिल्हा प्रबंधातून गाळायचा, असं त्यांच्या सरांनी बजावलं होतं. मी म्हटलं, दुकानात दहा गावची माणसं येतात, इथंच बसा.

*

पहिला सापडला आमचा दौलत हमाल. बाईंनी स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवून विचारलं, याला काय म्हणता?

दौलतने वाकून नीट पाहिलं. "लाल तं नाही दिसत," म्हणाला.

बाईंनी तेही टेप केलं!

*

मग विचारलं, आम्ही 'कशाला' म्हणतो, तुम्ही काय म्हणता?

"कायले?"

बाई समजावू लागल्या, अभ्यासासाठी हवंय.

"कायले?"

तो उत्तर देत होता की विचारत होता, मला आजही सांगता येत नाही.

*

दुसऱ्या टेपवर माणसांपेक्षा शेजारची राइस मिलच जास्त बोलली. कंप्युटरने तिचाही भाऊ शोधला असता!

*

दिवाळीनंतर बाई पुन्हा आल्या त्या उतरल्या चेहऱ्यानं. आमच्या खेड्यांत केळाला केर म्हणतात. कंप्युटरने त्याची जोडी पुण्याच्या केराशी लावली. म्हणजे भंडाऱ्यात लोक कचरा सोलून खातात!

बाईंचं म्हणणं, 'ळ'खाली 'र' आला तर कंप्युटरने तो 'ळ'च धरावा. सर म्हणाले, एका केळावर नियम होत नाही. ते स्वतः येऊन ऐकणार, मग भंडाऱ्याचं बघणार.

*

सर आले. मी त्यांना माझ्या सासुरवाडीला, दिघोरीला नेलं. देवळापुढे सत्कार ठेवला, अख्खं गाव जमलं. सरपंच माझे सासरे. त्यांनी पाहुण्यांचं कौतुक केलं आणि मागे वळून आवाज दिला, "चला, आता सरायले मार घाला रे!"

चार धिप्पाड गडी पुढे सरसावले. सर खुर्चीतून उठले आणि जीपकडे पाहू लागले. वसुधाबाईंनी त्यांची बाही धरली. "सर, हलू नका. टेप चालू आहे."

झेंडू गळ्यात पडल्यावरच सरांनी डोळे उघडले.

परतताना जीपमध्ये सरांनी गळ्यातली माळ काढून मांडीवर ठेवली. मग सर हळूच म्हणाले, "वसुधा, भंडारा प्रबंधात राहू दे."